जठर काढल्यावरचं जेवण: बागेत संत्रं पिकलंय, मामाजींना द्यायचं का?

बांधावरची | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथली नुसती वाचक आहे, तीही बहुतेक पाककृतींची. धागा आरोग्यात टाकावा की आहारात, ठरेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही वरुड तालुक्यातले. घरची साडेचार एकर संत्र्याची बाग. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, वय ६३. गेल्या दिवाळीच्या आसपास त्यांना जठराचा कॅन्सर निघाला. आधी केमोचे चार डोस, फेब्रुवारीत ऑपरेशन, मग पुन्हा चार डोस. जठर पूर्ण काढलं आणि अन्ननलिका लहान आतड्याला जोडली. आता स्कॅन स्वच्छ आहे. वजन ६६ होतं, ते ४९ वर आलं आणि तिथेच बसलंय.

ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सुट्टी होताना कागदावर आहाराची एकच ओळ होती: 'थोडे थोडे, वारंवार, मऊ.' आमच्याकडे थोडं म्हणजे दोन भाकरी. दीड भाकरीवर उठणारा माणूस सासूबाईंच्या लेखी आजारीच. घरी आल्यापासून ताटाभोवती रोज तंटा. इकडून सासूबाई, 'खा न जी, अंगात ताकद कुठून येईन?' तिकडून मामाजी, 'मले भूकच लागत नाई तं काऊन खाऊ?' मला वाटायचं मन खचलंय म्हणून असं बोलतात. नंतर कळलं, भुकेचा निरोप मेंदूला धाडणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठरातच तयार होतं. जठर गेलं, तसा निरोप्याही गेला. बिचारे खरंच सांगत होते.

अक्षयतृतीयेला घरात आमरस. सणाचा दिवस, सगळ्यांनी आग्रह केला आणि मामाजींनी वाटीभर रस प्यायला. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, कपाळावर घाम डवरला. छातीत धडधड, पोटात गुडगुड, तोंड पांढरंफटक. समोर कूलर चालू आणि बनियन पिळून काढावी इतकी ओली. हार्टचंच काही असेल म्हणून यांनी गाडी काढली. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल. तिथली एक तरुण डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, 'काय खाल्लं होतं?' रस म्हटल्यावर तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. जठर अन्न साठवून ठेवतं, घुसळतं आणि पुढच्या दारातून जरा जरा आतड्यात सोडतं. ते नसलं की गोड, पातळ अन्न धाडकन आतड्यात उतरतं. तिथली साखर पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणून धडधड, घाम आणि मग जुलाब. याला डंपिंग म्हणतात.

परत येताना मामाजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मोर्शी मागे पडल्यावर म्हणाले, 'म्हंजे अप्पर वर्ध्याचं धरनच काढून टाकलं समज. पानी आलं का सीधं पाटात. पाट फुटन नाई तं काय होईन?' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना, 'उद्यापासून मले ठिबकनं देत जा.'

तेव्हापासून घरात ठिबक चालू आहे. मोबाईलमध्ये आठ गजर. सकाळी सहाला ज्वारीच्या कण्या वाटीभर, साडेआठला मऊ थालीपीठ नि दही, असं रात्री साडेनऊपर्यंत. पाणी जेवणात नाही, अर्ध्या तासानं. हे जमलंय.

न जमलेलं विचारते. कधी कधी जेवणानंतर दोन तासांनी घाम सुटून हात थरथरतात, तेव्हा तर गोड खाल्लेलंही नसतं. रात्री आडवं पडलं की घशाशी कडू पिवळं पाणी येतं. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली आहे, फरक शून्य. पायांना मुंग्या येतात, सगळे म्हणतात केमोमुळे. कार्तिकी एकादशी तोंडावर आहे आणि मामाजी माळकरी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: आंबिया बहाराची तोडणी सुरू झालीय. जन्मभर झाडाखाली उभं राहून संत्रं सोलून खाल्लेला माणूस. द्यायचं की नाही?

---

पऱ्हाटी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०२

ताई, बाकीचं जाणकार सांगतीलच. मुंग्यांवर मात्र आजच हालचाल करा.

आमचं गाव दारव्ह्याकडे. माझ्या वडिलांचं जठर काढून पहिलं वर्ष झालं तोवर दर महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन होतं. मग प्रकृती सुधारली. आमच्या घरात त्या इंजेक्शनाला 'ताकदीचं' म्हणत, ताकद आली म्हणून बंद केलं. कोणी बंद करा म्हटलं नव्हतं, आम्हीच शहाणे. साडेतीन वर्षांनी एक दिवस बाबा पांदणीतून घरी आले आणि एका पायात चप्पल नाही. 'चप्पल कुठं?' तर त्यांनी खाली पाहिलं. पायातून निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. अंधारात तर भिंत धरून चालायचे. तपासल्यावर बी-१२ तळाला.

बी-१२ आतड्यात शोषायला जठरातून निघणारा एक घटक लागतो, तो आता कधीच बनणार नाही. लिव्हरमध्ये दोन ते पाच वर्षांचा साठा असतो, म्हणून आधी काही जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. तुमचे मामाजी माळकरी, म्हणजे मांस-अंडी नाही, साठा मुळातच कमी असणार. त्यांना लवकर होऊ शकतं.

आणखी एक. कोणी रक्त वाढायला नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देत असेल तर सावध. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. बाबांचं तेच झालं होतं. आता चालतात, पण काठी सुटली नाही.

---

जडीबुटी | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ही सगळी इंग्रजी औषधांची लफडी आहेत. गुळवेलीचा काढा गूळ घालून रोज दोन वेळा. आतडी लोखंडासारखी होतात. अनुभव आहे.

---

नदीकाठचा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:५५

@जडीबुटी, भाऊ, रिकाम्या आतड्यात गुळाचा काढा? ताईंनी आमरसाचं काय लिहिलं ते वाचलं का? वाचा आणि मग अनुभव सांगा. कोणाच्या पोटाचा अनुभव, तेही सांगा.

ताई, मी स्वतः पेशंट. सात वर्षं झाली, पाऊण जठर गेलंय. दुपारी निवांत लिहितो. तोवर संत्र्याला हात लावू देऊ नका.

---

पथ्यपाणी | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी नागपूरला आहारतज्ज्ञ आहे. समोर पेशंट नसताना सांगतेय, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी एक गैरसमज दूर करते. जठर गेलं म्हणजे पचन गेलं असं बहुतेक घरांत धरतात आणि पेशंटला महिनोन्‌महिने भाताच्या पेजेवर ठेवतात. वजन त्यानंच जातं. पचनाचं मुख्य काम लहान आतडं, स्वादुपिंड आणि पित्त करतं, ती तिन्ही जागेवर आहेत. गेलंय ते कोठार, जातं आणि दारावरचा राखणदार. जात्याचं काम आता दातांनी करायचं, कोठाराचं काम घड्याळानं. तुमच्या मामाजींनी ठिबक म्हटलं ते मी आता माझ्या पेशंटना सांगणार आहे, त्यांना विचारून ठेवा.

दोन तासांनंतरची थरथर हाही डंपिंगचाच प्रकार, उशिराचा. पिष्टमय पदार्थ भरकन शोषले गेले की साखर एकदम चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांत साखर खाली येते. गोड खाल्लेलं नसलं तरी नुसता भात, पांढरे पोहे, साबुदाणा पुरेसा असतो. घरात साखर मोजायचं यंत्र आणा आणि थरथरीच्या वेळीच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मूठभर फुटाणे किंवा दही, नाहीतर पुन्हा खाली येते. सारखं होत असेल तर कागदावर वेळ, आकडा आणि आधी काय खाल्लं ते लिहून डॉक्टरांना दाखवा. टाळायचं कसं? घास वरणाचा किंवा पनीरचा आधी, भाकरी-भात नंतर. तूप-तेल अगदी बंद करू नका, स्निग्ध पदार्थानं अन्न जरा हळू सरकतं.

प्रथिनं. वजन ४९, म्हणजे रोज साधारण ६० ते ७० ग्रॅम हवीत. अंडं चालत नाही म्हणता, तर घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर नऊच्या आसपास, दह्याची वाटी पाच. शेंगदाण्याची चटणी, फुटाण्याचं पीठ, मुगाचं धिरडं. अर्धा विदर्भ सोयाबीन पिकवतो आणि सगळं बाजार समितीत नेऊन ओततो, घरात मूठभर ठेवत नाही. आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, वाळवा, मग दळा. कच्चं दळू नका. ते पीठ थालीपिठात, कण्यांत घाला. दुधानं पोट बिघडत असेल तर दही-ताकावर या, या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही.

कडू पिवळं पाणी म्हणजे पित्त. अन्ननलिकेच्या खालची झडप जठराबरोबर गेली. पूर्ण जठर काढलेल्या माणसाला ॲसिडिटीची गोळी काय करणार? ॲसिड बनवायची जागाच राहिली नाही. झोपण्याआधी दोन-तीन तास काही खायचं नाही, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. तुमचं साडेनऊचं खाणं साडेसातला आणा. जेवणानंतर सपाट आडवं व्हायचं नाही, लोडाला टेकून बसायचं. तरीही त्रास राहिला तर सर्जनना सांगा, पित्तासाठी वेगळी औषधं असतात.

लोह आणि कॅल्शियमही बघा. दोन्ही मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये शोषली जातात, आणि अन्न आता त्या वाटेनं जात नाही. शिवाय लोह विरघळायला ॲसिड लागतं. जेवणाला लागून चहा नको. कॅल्शियम कार्बोनेटची गोळीही ॲसिडशिवाय नीट लागू होत नाही, सायट्रेट मागा. ड जीवनसत्त्व तपासा. पडून हाड मोडल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

एकादशीचं मी कुणाला 'सोडा' म्हणत नाही, म्हटलं तरी सोडत नाहीत. गजर आठचे आठच ठेवा. भगर, राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी चालेल. निर्जळी नाही. साबुदाणा दोन चमचे तोंडाला लावण्यापुरता. संत्र्याचं संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

---

नदीकाठचा | १० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मॅडमनी पुस्तकातलं सांगितलं, मी पोटातलं सांगतो.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. साळ्याच्या बागेत गेलो, तुमच्याच भागात. उन्हं कोवळी, फळ गोड. बसल्या बसल्या सात-आठ संत्री खाल्ली. माझ्या दाढा तीन नाहीत, फोडी चावायच्या कशाला, गिळल्या. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं, हिरवी उलटी, वारा सरेना. सीटीत लहान आतड्यात गोळा दिसला. घरचे समजले कॅन्सर उलटला. बायकोनं तिथेच व्हरांड्यात रडारड केली. पोट पुन्हा उघडलं आणि निघालं काय? संत्र्याचा चोथा! फोडीवरचे पापुद्रे, पांढऱ्या शिरा, सगळं गुंडाळून लिंबाएवढा कडक गोळा. सर्जननं बरणीत घालून दाखवला, म्हणाले, 'हा तुमचा ट्यूमर.' ते खो खो हसले, मला टाके ओढत होते.

जठराचं ॲसिड आणि घुसळण नसली की असा चोथा मोडत नाही, हे मला नंतर कळलं. टेंभरांचंही (तेंदूच्या फळांचं) तसंच, कच्ची-तुरट तर नकोच.

आणि ताई, मामाजी खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) खातात का? मी खायचो, दिवसाला पाच पुड्या. पहिल्या वर्षी सुटला नाही, दुसऱ्या वर्षी सोडला. खर्रा तोंडात असला की माणूस आठ वेळा काय, दोन वेळाही जेवत नाही, एवढा हिशेब सांगून ठेवतो. दारूचं विचारलं नाही तरी सांगतो: जठर नसताना ती लगेच रक्तात जाते. लग्नात पोट्ट्यांनी एक ग्लास मोहाची दिली आणि मी वरातीत झोपलो. त्यानंतर नाव नाही.

उन्हाळ्याचं मात्र कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, आणि आपल्याला तांब्याभर पाणी गटागटा पिता येत नाही. तहान लागल्यावर पिऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो. कमरेला बाटली बांधून दर दहा मिनिटांनी दोन घोट. पाणी उकळलेलं. आधी विहिरीचं पाणी पचायचं कारण ॲसिड जंतू मारायचं. आता पहिल्या पावसाचं गढूळ पाणी म्हणजे हगवणीला आवतण.

---

जुनाजाणता | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

थोडा इतिहास. जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून रुग्ण जगवणारी पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्नात केली. संपूर्ण जठर काढूनही माणूस जगतो हे १८९७ मध्ये झुरिचच्या कार्ल श्लाटर यांनी दाखवलं. आज आतडं ज्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं जोडतात त्या पद्धतीला लोझानचे सर्जन सेझार रू यांचं नाव आहे. म्हणजे ताईंचे मामाजी एका सव्वाशे वर्षं जुन्या रांगेत उभे आहेत.

---

पथ्यपाणी | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

नदीकाठचा यांनी माझं काम हलकं केलं. संत्र्याच्या चोथ्याचा गोळा ही ऐकीव गोष्ट नाही, जठर काढलेल्यांमध्ये आतडं तुंबायचं ते एक ओळखीचं कारण आहे.

मग पूर्ण बंद? मी तसं म्हणणार नाही. नुसता रस काढून दिलात तर तो आमरसाचाच भाऊ, धाडकन उतरेल. एक फोड घ्या, पापुद्रा सोलून फेका, बी काढा, आतला गर तेवढा जिभेवर. दोन फोडी, तेही वरण-भाकरीच्या चार घासांनंतर. सोलायला वेळ लागतो हा त्यातला फायदा. सोलून त्यांना कोणी द्यायचं नाही, त्यांनी स्वतः सोलायचं.

---

धानपट्टी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी पुण्यात, आई भंडाऱ्याजवळच्या गावी. आईचंही पूर्ण जठर काढलंय. तिचं वजन काही केल्या वाढेना. खाते तर सगळं. व्हिडिओ कॉलवर ती एकच सांगे, 'पोट साफ होते.' एकदा मी गावी गेले आणि संडासात तिच्या मागून जाण्याची वेळ आली. घाण वाटेल, पण लिहिते: पाण्यावर तेलाचा तवंग, फिकट रंग, दोन बादल्या ओतल्या तरी तरंगणारं. खाल्लेलं तूप तसंच बाहेर पडत होतं. आई तीन महिने हे बघत होती आणि बोलायची लाज वाटत होती.

डॉक्टरांनी समजावलं, की अन्न नव्या वाटेनं आतड्यात उतरतं आणि पित्त-स्वादुपिंडाचा रस त्याला दीड-दोन फूट खाली जाऊन भेटतो, तोही वेळेवर नाही. म्हणून पाचक रसाची कॅप्सूल दिली. आम्ही ती जेवण झाल्यावर द्यायचो, फरक पडेना. मग कळलं, पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. अन्नात मिसळलीच नाही तर काम कशावर करणार? दोन महिन्यांत साडेतीन किलो वाढलं.

एक सांगून ठेवते, नंतर कुणी तोंडावर मारू नये म्हणून. ती कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. आम्ही मांसाहारी, आम्हाला काही वाटलं नाही. मामाजी माळकरी आहेत म्हणून.

आणि भाताबद्दल. आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ भात. नुसता भात बंद केला, भातात मुगाची डाळ निम्म्याला निम्मी घालून घट्ट खिचडी केली, दुपारची थरथर बरीच कमी झाली.

---

बांधावरची | ११ नोव्हेंबर, रात्री १०:५०

डोळे भरून आले. एवढं तर आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

संडासाचं मी कधी विचारलंच नव्हतं. सुनेनं सासऱ्याला कसं विचारावं? आज यांना विचारायला लावलं. तवंग आहे. उद्या रक्त द्यायला जातोय, परवा ऑपरेशनच्या दवाखान्यात दाखवतो.

---

पऱ्हाटी | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

एक राहिलं. घास छातीत अडकल्यासारखं होतं असं ते कधी म्हणाले तर 'सवकाश खा' म्हणून सोडून देऊ नका. जोडाची जागा आवळली जाते कधी कधी. बाबांचं दोनदा दुर्बिणीतून रुंद केलं. त्याआधी दीड महिना आम्ही त्यांना 'भ्रम आहे' म्हणत होतो.

---

बांधावरची | १९ जानेवारी, दुपारी ४:२०

दोन महिन्यांनी येतेय. तोडणी, मग मजुरांचा गोंधळ, मग शाळेची संमेलनं.

बी-१२ अगदीच कमी निघालं. आधी लागोपाठ इंजेक्शनं झाली, आता दर महिन्याला १००० मायक्रोग्रॅम, गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर देतात. कॅलेंडरवर मामाजींनी स्वतः लाल पेनानं गोल केलेत, पुढच्या डिसेंबरपर्यंत. मुंग्या निम्म्यानं कमी आहेत. उरलेल्या केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिनच्या असाव्यात असं डॉक्टर म्हणाले. मागे एप्रिलमध्ये माठातलं पाणी प्यायल्यावर घशात काटे टोचल्यासारखं व्हायचं, ते त्याच औषधाचं होतं. आम्ही तेव्हा माठ बदलला होता.

साखर दोनदा सापडली, ५८ आणि ६३. दोन्ही वेळा आधी पोहे. पोहे गेले, मुगाचं धिरडं आलं. सासूबाईंना ते अजून जेवण वाटत नाही, 'हे का न्याहारी आहे?' म्हणतात, पण करून देतात.

विटांनी रात्र सुधारली. ॲसिडिटीची गोळी बंद.

कॅप्सूलचं मी लपवलं नाही. डॉक्टर म्हणत होते सांगू नका, ऐकलं नसतं तर? पण उद्या दुसरीकडून कळलं असतं तर त्यांनी आमच्या हातचं पाणी घेतलं नसतं. सांगितलं. दोन दिवस काही बोलले नाहीत, माळ काढून देवाऱ्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी मंदिरातल्या म्हाताऱ्या बुवांकडे जाऊन आले. काय बोलणं झालं कोणाला सांगितलं नाही. आल्यावर माळ घातली आणि म्हणाले, 'आन ते गोयी. औषध म्हनून घेतो, जेवन म्हनून नाई.' तवंग पंधरा दिवसांत गेला.

आणि संत्रं. झाडाखाली खाट टाकून बसतात. एक फळ घेतात, पापुद्रा सोलतात, दोन फोडींना वीस मिनिटं. उरलेलं नातवाला. पहिल्या दिवशी गर तोंडात ठेवून बराच वेळ गिळलाच नाही.

गेल्या आठवड्यात व्यापारी माल मोजायला आला, तर क्रेटच्या जागी स्वतः काट्यावर उभे राहिले. ५१ किलो ६००. व्यापाऱ्याला म्हणाले, 'पुरं लिव. तूट कापजो नको.'

---

नदीकाठचा | १९ जानेवारी, संध्याकाळी ५:०५

हाओ! मामाजींना रामराम सांगा. उन्हाळ्याआधी बाटलीचा पट्टा शिवून घ्या.

---

रानवाट | २ फेब्रुवारी, रात्री ११:४०

धागा आत्ताच सापडला. माझ्या आईचं ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे, पूर्ण जठर काढणार आहेत. आम्ही चिखलदऱ्याच्या खालच्या बाजूचे. जाताना घरून काय काय नेऊ? आतड्यात नळी ठेवणार म्हणालेत, तिचं काय?

---

बांधावरची | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

नळी आमच्याकडे सात आठवडे होती. प्रत्येक वेळी अन्न घालण्याआधी आणि नंतर सिरिंजनं उकळून गार केलेलं पाणी सोडा. आम्ही एकदा कंटाळा केला, भाताच्या पेजेनं नळी तुंबली आणि रात्री साडेअकराला ४० किलोमीटर गाडी पळवावी लागली. फक्त दवाखान्यानं सांगितलेलंच घाला, तेही वस्त्रगाळ.

नेताना चहाचा लहान चमचा, एक छोटी वाटी, दोन उशा, वही-पेन. सुट्टीच्या दिवशी आहाराचं वेगळं बसून विचारा, उभ्या उभ्या नको, आणि बी-१२ पहिलं कधी ते तारखेसकट लिहून घ्या. मोठं ताट घरीच राहू द्या. काही अडलं तर इथेच लिहा, सकाळी सहाच्या गजराला मी उठलेलीच असते.